कान दिलेत, मग हात का बांधता?

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशनने कानाच्या आत इलेक्ट्रोडची तार बसवून ऐकू आणणाऱ्या यंत्राच्या, विरोधात नाही. माझी मुलगी ७ वर्षांची आहे, जन्मतः कर्णबधिर. अडीच वर्षांची असताना एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साहित्य-उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, तिचं ऑपरेशन झालं. केंद्राने २०१४ साली या योजनेत एका मुलामागे ६ लाखांपर्यंतची तरतूद केली नसती, तर मानेवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हा विषयही निघाला नसता. आज ती कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि तिसरी झाली की गॅस बंद करायला मला हाक मारते. त्या हाकेचं मोल मला कुणी सांगायला नको.

पण माझा दादाही कर्णबधिर आहे. सीताबर्डीत एका दुकानात शिवणकाम करतो. वहिनीही बहिरी. त्यांच्या घरात सगळं हातांनी चालतं आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा जास्त हसणं तिथेच असतं. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा दादाने हातांनी एवढंच विचारलं, "ती आजारी आहे का?" मला उत्तर सुचलं नाही.

ऑपरेशननंतर स्पीच थेरपी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं, "घरात हातवारे बंद. हातानं समजलं तर पोरगी कान कायले लावेल?" त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ऐकण्याचे मेंदूतले रस्ते पहिल्या काही वर्षांतच पक्के होतात, म्हणून तर जन्मतः बहिऱ्या मुलासाठी योजनेत ५ वर्षांची अट होती. आणि इलेक्ट्रोडमधून येतो तो आवाज तुमच्या-माझ्यासारखा नसतो. त्याचा अर्थ लावायला मूल रोज शिकतं, वर्षानुवर्षं. मी घाबरले. दादाला सांगितलं, तिच्यासमोर हात हलवू नकोस.

साहेब, तीन-साडेतीन वर्षं माझा भाऊ दर रविवारी यायचा, दिवाणावर बसायचा आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवायचा. चहाच्या कपापुरता एक हात बाहेर काढायचा, की परत आत. लहानपणी त्याच्या शाळेत हातांनी बोललं की बोटांवर पट्टी बसायची. खुणा तो रात्री वसतिगृहात मोठ्या मुलांकडून शिकला. ही पट्टी फार लांबून आलेली आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषा शाळांतून घालवायचा ठराव केला होता. तो चुकला होता हे मान्य करायला २०१० साल उजाडलं. आणि मी तीच पट्टी माझ्या घरात आणली.

मग गेल्या मे महिन्यात इतवारीत एका लग्नाला गेलो. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. गर्दीत कॉइलची केबल तुटली. कॉइल म्हणजे यंत्राचा डोक्यावर लोहचुंबकाने चिकटलेला, आवाज आत पोचवणारा रुपयाएवढा भाग. तो निकामी झाला की माझी लेक दादाइतकीच बहिरी असते. आंघोळीला, झोपेत, बॅटरी संपली की, रोजच असते. त्या दिवशी ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. मी वरून ओठ हलवत होते, तिचं लक्षच नाही. दादा खाली उकिडवा बसला. अंगठा ओठाला लावला, म्हणजे पाणी. ते तिला कळलं. मग त्याने विचारलं, भीती वाटते? ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. सहा वर्षांच्या पोरीला भीती वाटत होती आणि ती सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

नवी केबल यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात मामाने तिला चाळीसेक खुणा शिकवल्या. आवाज परत आल्यावर तिचं बोलणं काही कमी झालं नाही. शाळेतली भांडणं आता ती दोनदा सांगते, मला तोंडाने आणि मामाला हातांनी. मामाच्या आवृत्तीत शिव्या जास्त असतात असा माझा संशय आहे.

दादाच्या ओळखीतल्या एका बहिऱ्या जोडप्याने मुलाला इम्प्लांट करायला साफ नकार दिला. नातेवाइकांनी त्यांना निर्दयी ठरवलं. त्यांचा निर्णय मी घेतला नसता. पण ते मूल वर्षाच्या आत आईबापाशी हातांनी बोलू लागलं होतं. माझी त्या वयात रडण्यापलीकडे काही सांगू शकत नव्हती.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम १६ म्हणतं की कर्णबधिर मुलाला त्याच्यासाठी सर्वांत योग्य भाषेत आणि माध्यमात शिक्षण द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेला जागा आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा खुणांचा कोश तयार आहे. पण मला ऑपरेशनआधी सह्यांचा गठ्ठा दिला, त्यात या भाषेचा एक कागदही नव्हता. आपण तो घाला. सही करण्याआधी प्रत्येक आईबापाची एका तरी मोठ्या बहिऱ्या माणसाशी गाठ घालून द्या, आणि थेरपीच्या खोलीशेजारी सांकेतिक भाषेचा वर्ग ठेवा. शिकवायला दादासारखी माणसं नेमा, त्यांनाही पगार लागतो. केबल आणि बॅटऱ्यांची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करा. थेरपीच्या रांगेत माझ्या शेजारी गडचिरोलीहून एसटीने आलेली बाई असायची, तिने एका केबलसाठी नागपूरला किती खेपा घालायच्या?

डिसेंबरात अधिवेशनाला आपण इथे याल. मोर्चा वगैरे आणणार नाही. दादाला आणि माझ्या मुलीला दहा मिनिटं भेटा. दुभाषी आपल्या विभागाने आणावा. नाहीच मिळाला तर माझी लेक करेल, पण तिची शाळा चारला सुटते.

आपली,
एक आई
मानेवाडा, नागपूर