बॉनेट सगळ्यात शेवटी

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि तू घरी बनवायला घेतलेल्या गाडीची चित्रं पोचली. चित्रांवरून नजर हटत नाही, खरंच. लांबलचक बॉनेट, अंगाबाहेर काढलेली पुढची चाकं, त्यांच्या डोक्यावर सायकलला असतात तसे छोटे मडगार्ड, दरवाजाच्या जागी कोपर टेकवण्यापुरता उतार. नाक तिशीच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीचं आणि कंबर १९५७ सालच्या लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश गाडीची, पण जोड असा बेमालूम जमलाय की बोट ठेवायला जागा नाही. आणि शेवटच्या पानावर तू लिहितोस, "पत्रा आणून ठेवलाय, येत्या सुट्टीत बॉनेट ठोकायला घेतो." लेका, तो पत्रा कापडात गुंडाळून माळ्यावर टाक. बॉनेट सगळ्यात शेवटी.

का ते सांगतो. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

बॉनेट किती उंच हे चित्र ठरवत नाही, इंजिनाच्या पोटाखालचा ऑइल संप, म्हणजे तेल साठवणारी टाकी, ठरवते. संप जमिनीपासून निदान १०० मिलिमीटर वर हवा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला तो फुटतो. संप तिथे बसला की इंजिनाचं डोकं कुठे येणार ते आपोआप ठरलं, त्यावर हवेचा मार्ग आला, पुढे रेडिएटरचा माथा आला, आणि या सगळ्यावरून जो पत्रा जाईल ते तुझं बॉनेट. आधी बॉनेट बनवलंस तर शेवटी त्याला भोक पाडून इंजिनाचं टोक बाहेर काढावं लागेल. काही जण तसं करतात आणि वर कौतुकाने सांगतातही. मला ते बघवत नाही.

आपल्या आधीच्या हौशी लोकांचं काम एका बाबतीत सोपं होतं. १९२२ साली आलेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांचा सांगाडा वेगळा आणि वरचा सांगाड्याला बोल्टने बसवलेला डबा वेगळा असे. बोल्ट सोडवले, डबा उचलला की खाली चालती गाडी शिल्लक. लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये आपली पहिली गाडी एका साध्या गॅरेजमध्ये अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी केली. शर्यतीच्या गाड्यांची मॅक्लॅरन कंपनी काढणारा ब्रूस मॅक्लॅरनही पोरवयात ऑस्टिन सेव्हन घेऊनच शर्यतीत उतरला. आजच्या मोटारीत मात्र डबा हाच सांगाडा असतो, पत्रा काढला तर खाली काही उरतच नाही. म्हणून आपल्याला सांगाडा स्वतः जोडावा लागतो आणि बाकीचा ऐवज एखाद्या जुन्या चालत्या गाडीतून उचलावा लागतो.

'एखाद्या' म्हणजे एकाच, हे लक्षात ठेव. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा संच) तिसऱ्याचं असा बाजार मांडू नकोस. एकाच गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेक, स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी), वायरिंग आणि इंजिनाचा संगणक असं सगळं घेतलं तर ते भाग एकमेकांना आधीच ओळखतात. किल्लीसुद्धा टाकू नकोस. बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि ती जवळ नसेल तर संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही.

तुझ्या चित्राला इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि ओढ मागच्या चाकांना अशीच गाडी लागेल. माझ्या मते १९८९ पासूनची माझदा एमएक्स-५ याला फार सोयीची. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारे वर-खाली हलणारे इंग्रजी व्ही आकाराचे दांडे, आहेत आणि सगळं आपल्याला हवं त्या दिशेने बसलेलं आहे. पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी सहज मिळते, पण तिचं आडवं इंजिन घ्यायचं तर ते सरळपणे सीटच्या मागे न्यावं लागतं. मग ते लांब बॉनेट आतून रिकामं. त्यात सामान ठेवशील, दुसरं काय!

गाडी सोडवायच्या आधी ती चालवून बघ, सगळे दिवे, काटे, पंखा चालतात ना ते पाहून घे. मग सोडवताना प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक वायरला चिठ्ठी, आणि वहीत क्रमाने नोंद. लोटस सेव्हन सुट्या भागांत विकली जायची, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणतात की सोबत जोडणीची पुस्तिका दिली असती तर ती सवलत गेली असती, म्हणून कंपनी गाडी कशी सोडवायची याची पुस्तिका द्यायची आणि घेणारा ती उलटीकडून वाचायचा. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिथे ती आजही बनते. तुझी वही म्हणजे तशीच पुस्तिका. शेवटच्या पानापासून वाचत आलास की गाडी जोडून तयार.

आता सीट. लोखंडाला हात लावायच्या आधी जमिनीवर प्लायवूडची कच्ची चौकट कर आणि तिच्यात बस. मधून गिअरबॉक्सचा बोगदा जातो, त्यामुळे पायाशी जागा अगदी चिंचोळी उरते आणि तिथे तीन पेडल मावायला हवेत. तुझे ते नावेसारखे बूट घालूनच बस. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागते का? गुडघा स्टिअरिंगखालून निघतो का? पाच मिनिटं बसून उठू नकोस, पाठ कुरकुर करेपर्यंत बस. मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे तुझं बूड, तिथून पुढे पाय, पायांच्या पुढे इंजिन, आणि इंजिन जमेल तितकं पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे. वजन दोन्ही ॲक्सलच्या मधे राहिलं की गाडी वळणावर हाताच्या इशाऱ्याने फिरते. तुझ्या चित्रातलं लांब नाक असं आतून येतं. गाडी खालून वर आणि मागून पुढे वाढत जाते.

सांगाड्यासाठी २५ मिलिमीटरची चौकोनी नळी, १.६ मिलिमीटर जाडीची. हातात घेतल्यावर ती फारच किरकोळ वाटेल आणि जाड आणायचा मोह होईल. आणू नकोस. ताकद नळीच्या जाडीपेक्षा तिच्या रचनेत आहे. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होतो, त्यात एक कर्ण टाकला की दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. एवढं एकच तत्त्व सगळीकडे लावत जायचं. अडचण दोनच जागी येते, इंजिन उतरवायच्या खिडकीत आणि माणसं बसतात त्या खड्ड्यात, कारण तिथे कर्ण टाकला तर इंजिन आणि माणूस कुठे जाणार? म्हणून त्यांच्या बाजूच्या भिंती आणि मधला बोगदा नीट त्रिकोणांनी भरायचा.

टेबल सपाट हवं. सुहास, या एका गोष्टीत मी तुला सूट देणार नाही. जाड फळी, खाली लोखंडी चौकट, पातळी लावून अगदी समतल, आणि फळीवर सांगाड्याचा आराखडा पूर्ण मापात काढलेला. नळ्या त्यावर मांडून आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड, मारायचे. टॅक मारल्यावर काच वर करून लगेच दुसऱ्या जोडाकडे वळू नकोस, जरा थांबून बघ. लाल ठिपका काळपट होत जातो तशी गुण्याला चिकटून उभी असलेली नळी कागद सरकेल एवढी फट सोडते. निवताना वेल्ड आक्रसतं आणि नळीला आपल्याकडे ओढून घेतं. एका बाजूने सलग वेल्ड करत गेलास तर हीच कागदभर फट वाढत सांगाडा केळ्यासारखा वाकतो. म्हणून एक टॅक इथे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात, आणि मधे मधे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन कर्ण सारखे म्हणजे चौकट काटकोनात. एकट्याने हे माप नीट घेता येत नाही, पट्टीचं दुसरं टोक वहिनींना धरायला सांग, त्यांची मर्जी असेल तर.

वेल्डिंगचा हात बसायला उरलेले तुकडे जोडून करवतीने मधोमध काप. कापलेल्या जागी धातू आतपर्यंत मुरला आहे की नुसता वर बसलाय ते दिसतं. वरून देखणं वेल्ड आतून कोरडं असू शकतं. विशबोन, स्टिअरिंग आणि सीटबेल्ट जिथे बसतात ते जोड तू फक्त टॅक कर आणि पक्कं वेल्ड रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडून करून घे. यात कमीपणा नाही. आणि एक: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर कधीही वेल्डिंग करू नकोस, त्या उष्णतेत फॉस्जीन वायू तयार होतो आणि तो जीव घेऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीचा धूरही वाईटच.

स्टिअरिंगबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. चाक उंचवट्यावर चढलं की विशबोन एका कंसात फिरतात आणि स्टिअरिंगचा टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारी कांडी) आपल्या कंसात. हे दोन कंस जुळले नाहीत तर तू स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही चाक आपसूक वळतं. तपासायचं असं: स्प्रिंग काढून ठेव, हबला एक सरळ फळी बांध, जॅकने हब वर-खाली कर आणि फळीच्या दोन्ही टोकांचं एका स्थिर खुणेपासूनचं अंतर मोजत जा. दोन अंतरांतला फरक बदलत गेला तर रॅक थोडा वर किंवा खाली घ्यायचा. म्हणूनच रॅकचे ब्रॅकेट हे माप झाल्याशिवाय पक्के करायचे नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाडी पळायला लागल्यावर ती मालकाची की रस्त्याची हे इथेच ठरतं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं ही युक्ती मोटारीच्याही आधीची आहे. लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याला ती सुचली आणि १८१८ मध्ये इंग्लंडात त्याच्या वतीने पेटंट घेणाऱ्या ॲकरमनचं नाव तिला चिकटलं. हब जुन्या गाडीचेच ठेवलेस आणि दोन ॲक्सलमधलं अंतर फार बदललं नाहीस तर त्याची काळजी नको.

स्प्रिंग मात्र जुन्या चालणार नाहीत. एमएक्स-५ सुमारे साडेनऊशे किलोची, तुझी गाडी सहाशेच्या आत बसायला हवी. त्याच स्प्रिंगवर ती टणाटण उडेल. ब्रेकचंही तसंच, पुढच्या-मागच्या चाकांतला तोल नव्याने बसवावा लागेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तेव्हा अर्धी उरलेली बाटली वापरू नकोस. वायरिंगसाठी एकच सांगणं: प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर दे, रंगवलेल्या सांगाड्याच्या भरवशावर राहू नकोस.

मग पत्रा. बाजू सपाट असतात, त्या वाकवून रिव्हेट मारता येतात. खरा खेळ नाकाच्या आणि मडगार्डच्या गोलाईत. बरेच जण तिथे फायबर लावतात. तुला ठोकायचंच आहे तर ॲल्युमिनियमशी आधी ओळख कर. ते ठोकून ठोकून कडक होतं आणि मग तडकतं, म्हणून मधे मधे तापवून नरम करावं लागतं. पण ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशाला सरळ वितळून खाली पडतं. त्यावर जुना उपाय साबणाचा. पत्र्यावर साबणाच्या वडीने रेघा ओढ आणि ज्योत सतत फिरती ठेव. रेघ आधी पिवळसर, मग तपकिरी होते, काळी पडायला लागली की ज्योत बाजूला. निवल्यावर तोच पत्रा हाताने वाकतो. वाळूच्या चामडी पिशवीवर लाकडी मोगरीने ठोक, पत्रा आधी अक्रोडासारखा सुरकुतेल, घाबरू नकोस, मग त्या सुरकुत्या हळूहळू बसवत जायच्या. पातळ नळ्यांचा आकार करून त्यावर ॲल्युमिनियम चढवायची 'सुपरलेज्जेरा' पद्धत मिलानच्या तूरिंग या गाडीचे डबे बनवणाऱ्या कारखान्याने १९३६ मध्ये पेटंट केली, तुझ्या नाकाला ती शोभेल. फक्त पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकू देऊ नकोस. ओल मिळाली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे पट्टी हवी.

सगळं बसलं, गाडी अंगणात चालली, की पुन्हा शेवटच्या नटापर्यंत सोडवायची, सांगाडा रंगवायचा आणि परत जोडायची. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तुझा सुटणार नाही, असं आपलं मी धरून चाललोय.

नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असतात, काही ठिकाणी घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायला परवानगीच मिळत नाही. तेव्हा जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी कार्यालयात जाऊन दिव्यांची उंची, धूर, सीटबेल्टचे आधार यांबद्दल विचार आणि उत्तर लेखी घे. तोंडी 'हो हो, होईल' यावर एक नळीही कापू नकोस.

सध्या प्लायवूडची चौकट कर. बसल्यावर कमरेपासून पेडलपर्यंतचं अंतर, खांद्यांची रुंदी, जमिनीपासून डोळ्यांची उंची आणि दोन्ही बुटांची रुंदी, एवढं मिलिमीटरमध्ये लिहून पाठव. कुठली गाडी सोडवायला मिळतेय तेही कळव, म्हणजे त्या मापांवरून सांगाड्याचा आराखडा काढायला घेतो.

तुझा,
विनायक