नुसता पट मोजून शिक्षक ठरवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

कमी पटाच्या शाळा आणि संचमान्यता (म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांच्या किती जागा ते ठरवणं) यावर तुमच्या पेपरात सध्या बरीच पत्रं येतायत, मी इथून मोबाईलवर सगळी वाचते. त्यात दोघा-तिघांनी लिहिलंय की अमेरिकेत चार्टर शाळा आहेत तशा आपल्याकडे पण काढा, शाळा चांगल्या संस्थांच्या हातात द्या, शिक्षकांचा प्रश्न आपोआप सुटेल. मी जर्सी सिटीत राहते, हडसन नदीच्या ह्या बाजूला, समोर न्यूयॉर्क दिसतं. गेली नऊ वर्षं इथल्या एका छोट्या चार्टर प्राथमिक शाळेत आहे, आधी चार वर्षं वर्गात मदतनीस होते, मग परीक्षा देऊन आता दुसरीच्या वर्गाला शिकवते. त्यामुळे ती पत्रं वाचून गप्प बसवेना.

आधी एक गैरसमज दूर करते. चार्टर शाळा म्हणजे प्रायव्हेट शाळा नाही. ती सरकारी पैशावरच चालते, फी नाही, फक्त चालवणारं मंडळ वेगळं असतं आणि राज्याबरोबर ठराविक वर्षांचा करार असतो. पहिला कायदा 1991 साली मिनेसोटात झाला, न्यू जर्सीचा 1995 चा आहे. आमच्याकडे करार पहिल्यांदा चार वर्षांचा मिळतो, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावा लागतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढतात. आणि कायद्यातच लिहिलंय की शाळेतली मुलं शक्यतो त्या गावातल्या सगळ्या मुलांचा नमुना असावीत, म्हणजे निवडून-वेचून हुशार किंवा एकाच समाजाची मुलं घ्यायची नाहीत. देशभरात सध्या साधारण 37 लाख मुलं अशा शाळांमध्ये शिकतात, सरकारी शाळेतल्या दर शंभरातली सातेक.

आमची शाळा सव्वादोनशे मुलांची, बालवाडी ते चौथी. इमारत पूर्वी कुठल्यातरी ऑफिसची होती, मैदान नाही, मुलं मधल्या सुट्टीत पार्किंगच्या जागेत खेळतात. (इमारतीसाठी चार्टरला वेगळे पैसे मिळत नाहीत, हे तिकडून "द्या संस्थांना" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.) आता मुलं कोण ते सांगते कारण खरा मुद्दा तोच आहे. आमच्या दारातून सकाळी आत येणारी पोरं बघितली तर काळ्या अमेरिकन कुटुंबांतली, ज्यांच्या तीन पिढ्या ह्याच शहरात राहिल्यात, मग डॉमिनिकन, इक्वेडोरची, पोर्टो रिकोची, म्हणजे घरी स्पॅनिश, मग इजिप्तमधून आलेल्या कॉप्टिक ख्रिश्चन कुटुंबांची, ती घरी अरबी बोलतात, फिलिपिनो, आणि आपल्याकडची गुजराती, पंजाबी, तेलुगू. जर्नल स्क्वेअरच्या बाजूला सगळी दुकानंच आपल्या लोकांची आहेत. मराठी म्हणाल तर यंदा आख्ख्या शाळेत दोनच मुलं.

आणि कागदावर? कागदावर वंशाचे चौकोन आहेत, त्यातल्या एकावर खूण करायची. आशियाई ह्या एकाच चौकोनात माझी मराठी मुलगी, फिलिपिनो मुलगी, तेलुगू इंजिनिअरचा मुलगा आणि दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईचा गुजराती मुलगा. अरबी बोलणाऱ्यांना तर इतकी वर्षं स्वतःचा चौकोनच नव्हता, त्यांना गोरे धरायचे, 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने नियम बदलून पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिका असा नवा गट केला, तो शाळांच्या फॉर्मपर्यंत यायला अजून वेळ लागेल. गरिबीचं पण तसंच. आधी प्रत्येक घरून जेवणाचा फॉर्म यायचा, गरिबी रेषेच्या 130 टक्क्यांच्या आत उत्पन्न असलं तर जेवण फुकट, 185 च्या आत असलं तर सवलतीत, आणि त्या फॉर्मवरूनच शाळेत किती मुलं गरीब ते कळायचं. आता ज्या शाळेत गरजू मुलं पुरेशी आहेत तिथे सरसकट सगळ्यांनाच फुकट देता येतं, 2023 मध्ये ती मर्यादा 40 टक्क्यांवरून 25 वर आणली. हे फार चांगलं झालं, एकही पोर आता ट्रे घेऊन लाजत उभं राहत नाही. पण फॉर्म गेले तसं कुठल्या घरात पैशाची किती ओढाताण आहे हे कळायचं एक साधनही गेलं, आता ते ओळखणं शाळेतल्या माणसांवरच आहे.

माणसांवर म्हणजे नक्की कुणावर, तर शिक्षकांपेक्षा जास्त ऑफिसमधल्या सेक्रेटरीवर, जेवणाच्या हॉलमधल्या बाईंवर आणि मदतनिसांवर. आमच्या ऑफिसात ज्या बाई होत्या त्या स्पॅनिश बोलायच्या. आईचा फोन आला की चार वाक्यांत त्यांना कळायचं की घर बदललंय, बाबा निघून गेलेत, पोराने काल रात्री काही खाल्लं नाहीये. त्या सोडून गेल्या, जास्त पगारावर शहराच्या शाळेत गेल्या, त्यांना मी कधीच दोष देणार नाही. त्यांच्या जागी आलेली मुलगी कष्टाळू, कॉम्प्युटरमध्ये हुशार, पण स्पॅनिश येत नाही. स्टाफचा आकडा तेवढाच राहिला. आणि त्या वर्षी गैरहजेरी वाढली, कारण आया फोनच करेनात.

अजून एक सांगते, हे माझ्या मनातून जात नाही. माझ्या वर्गात एक इजिप्तचा मुलगा आला, ऑक्टोबरमध्ये, वर्ष सुरू होऊन दीड महिना झालेला. रोज अकराच्या सुमाराला पोट धरून बसायचा. नर्सकडे पाठवलं, ताप नाही, काही नाही. मला वाटलं नवीन शाळेची भीती असेल. तीन आठवडे असेच गेले. मग एकदा जेवणाच्या हॉलमध्ये काम करणाऱ्या बाई, त्या अलेक्झांड्रियाच्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि अरबीत बोलल्या, तर कळलं की त्याला बाथरूमला जायचं कसं विचारायचं हेच माहीत नव्हतं, आणि आधीच्या शाळेत मधेच उठलं की मार मिळायचा म्हणून तो दाबून बसायचा. सात वर्षांचं लेकरू, तीन आठवडे! त्या बाईंचं काम ताटं वाढायचं, दिवसाला तीन तास, तासाच्या हिशोबाने पैसे. शाळेच्या कुठल्याच तक्त्यात त्यांची अरबी लिहिलेली नाही.

कायदा म्हणाल तर इथे कायदा आहे. 1974 ला सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमध्ये सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, भाषाच कळत नसेल तर ते मूल शिक्षणाच्या बाहेरच राहिलं. अपंग मुलांसाठी 1975 चा कायदा आहे, प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी प्लॅन करावा लागतो आणि त्यात लिहिलेली मदत शाळेला द्यावीच लागते. पण छोट्या शाळेत त्या कागदाचं काय होतं ते मी बघितलंय. विशेष शिक्षिका एकच, इंग्रजी नवीन शिकणाऱ्यांसाठी शिक्षिका एकच. सकाळी साडेसातला मेसेज येतो की तिसरीच्या टीचर आजारी आहेत, बदली माणूस मिळत नाही, मग त्या दोघींपैकीच एकीला उचलून तिसरीवर उभं करतात. मोठ्या शाळेत तिच्याबरोबर अजून तिघी असत्या. आमच्याकडे त्या दिवशी ज्या मुलांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचाच तास बुडतो, आणि हे वर्षातून दोन-चार दिवस नाही, हिवाळ्यात तर आठवड्यातून दोन दिवस.

शिक्षक कोण आहेत हे पण बघा. देशातल्या सरकारी शाळांमधले सुमारे 80 टक्के शिक्षक गोरे, मुलं मात्र गोरी निम्म्याहून कमी, 45 टक्क्यांच्या आसपास. काळे शिक्षक फक्त 6 टक्के. चार्टरमध्ये जरा बरी स्थिती आहे, पण तिथेही मुलांच्या मानाने खूप कमी. हे आपोआप झालेलं नाही. 1954 ला कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, केवढा मोठा निकाल, पण नंतर दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा बंद करून मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घातलं आणि त्यांच्या शिक्षकांना मात्र घेतलं नाही, साधारण 38 हजार काळ्या शिक्षकांच्या आणि हेडमास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांचं "समायोजन" झालं, शिक्षकांचं झालं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायचे प्लॅन आठवले.

आणि शिक्षक कोण आहे याने काय फरक पडतो याचा अभ्यास झालेला आहे. टेनेसी राज्यात 1985 ते 89 मध्ये लहान वर्ग चांगले का मोठे हे बघायला 79 शाळांत मुलं चिठ्ठ्या टाकून वर्गात वाटली होती. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तोच डेटा घेतला आणि त्यांना दिसलं की ज्या काळ्या मुलांना बालवाडी ते तिसरीत निदान एक तरी काळा शिक्षक मिळाला ती बारावी पास होण्याचं प्रमाण 13 टक्क्यांनी जास्त आणि कॉलेजला जाण्याचं 19 टक्क्यांनी जास्त. एक वर्ष, एक शिक्षक. आमच्याकडे पहिलीला एक तरुण काळे सर होते, शाळेत पुरुष शिक्षकच तेवढे एक, कारण प्राथमिक शाळांत जवळजवळ नव्वद टक्के बायकाच असतात. दंगेखोर म्हणून ज्यांची नावं ऑफिसात पाठ होती ती पोरं त्यांच्या वर्गात पुढे बसून वाचायची. सर जानेवारीत गेले, वर्षाच्या मधेच, शाळेने थांबवायचा काही प्रयत्न केला असं मला तरी दिसलं नाही. मेपर्यंत त्या वर्गाने चार माणसं बघितली.

कोविडनंतर केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत मिळून साधारण 190 अब्ज डॉलर दिले होते. त्यातून आम्हाला एक समुपदेशक आणि वाचनात मागे पडलेल्यांसाठी दोन शिक्षिका मिळाल्या. सप्टेंबर 2024 ला ती मुदत संपली, तिघीही गेल्या. मुलं तेवढीच आहेत, मागे पडलेली पण तेवढीच.

आता आपल्याकडचं बोलते. माझी मोठी बहीण नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आम्ही रविवारी फोनवर बोलतो तेव्हा दोन देशांतल्या दोन शाळा असूनही गोष्टी त्याच असतात. त्यांच्याकडे 30 सप्टेंबरचा पट, आमच्याकडे 15 ऑक्टोबरचा. दोन्हीकडे त्या दिवशी एकेक मूल शोधून आणतात कारण पुढची पोस्ट त्यावर. ताईकडे शिवाय आधार कार्ड जुळायला पाहिजे, नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर वर्गात बसलेलं मूल पटावर धरत नाहीत. 2011 च्या पटपडताळणीत खोटी मुलं सापडली होती, त्यामुळे तपासणी नको असं मी म्हणणार नाही. पण सगळा जोर डोकी मोजण्यावर, त्या डोक्यांत कुठली भाषा आहे हे विचारत कोण नाही. ताईच्या शाळेत पहिलीत येणारी जवळपास सगळी मुलं घरी पावरी ही तिथल्या आदिवासींची भाषा बोलतात, मराठी त्यांना आमच्या इजिप्तच्या मुलाला इंग्रजी होती तेवढीच परकी.

म्हणून चार्टर आणा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की मॅनेजमेंट बदलून हे सुटत नाही, मी नऊ वर्षं तशाच मॅनेजमेंटमध्ये काढलीत. इथे चांगल्या चार्टर शाळा आहेत, वाईटही आहेत, जी चांगली चालते तिथे माणसं टिकवलेली असतात आणि मुलांच्या घरची भाषा येणारं कुणीतरी दारात उभं असतं. आणि 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा शासन निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती की त्या ऑनलाइन तक्त्यात अजून दोन रकाने टाका, मुलाच्या घरची भाषा कोणती आणि शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला ती येते. मदतनीस, स्वयंपाकी ताई, अंगणवाडी सेविका, सगळ्यांना धरून. आणि शिक्षक अतिरिक्त ठरवताना ते रकाने बघा.

ताईच्या शाळेचा यंदाचा पट 62 आहे. तो 60 पर्यंत खाली आला की तिसरी पोस्ट जाते. त्या तिघांत पावरी येणारे सर एकच आहेत, तिथलेच, शेजारच्या पाड्यावरचे, आणि सगळ्यात ज्युनियर तेच, म्हणजे अतिरिक्त ठरणार ते तेच. पावसाळ्यानंतर दोन कुटुंबं गुजरातला ऊसतोडीला जायची आहेत, त्यांची मिळून तीन मुलं पटावर आहेत.

– तुमची एक नियमित वाचक, जर्सी सिटी