गरिबाचे बिल भरा, इलाज ताब्यात घेऊ नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी तालुक्याच्या गावी छोटे रुग्णालय चालवणारा सर्जन आहे. आडपडदा न ठेवता बोलायचे आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगतो. राज्यातल्या प्रत्येक माणसाचा मोठा उपचार सरकारच्या मंजुरीने, सरकारने ठरवलेल्या दरात आणि सरकारच्या पोर्टलवरूनच व्हावा, या दिशेने आपले खाते चालले आहे. माझा त्याला विरोध आहे. गरिबाचे बिल सरकारने जरूर भरावे. पण बिल भरतो म्हणून इलाजाची सूत्रेच हाती घ्यावीत, हे मला मान्य नाही.

सुरुवात कुठून झाली ते आठवून पाहा. जुलै २०१२ मध्ये राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळे आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे मोठे उपचार मोफत, एवढाच तिचा पसारा होता आणि त्याला कुणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, केंद्राच्या आयुष्मान योजनेशी तिची सांगड घातली गेली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की आता पांढऱ्या कार्डालाही योजना लागू, मर्यादा पाच लाख. म्हणजे ज्याला गरज आहे तो आणि ज्याला नाही तो, दोघेही एकाच खिडकीवर. एवढ्या मोठ्या बदलावर गावोगाव चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही.

योजना फक्त गरिबांसाठी होती तोवर रुग्णालयाला नाही म्हणण्याची मुभा होती. सगळी प्रजा तिच्यात आली की ज्या रुग्णालयाने योजना घेतली नाही त्याच्याकडे पेशंट उरत नाहीत, आणि ज्याने घेतली त्याला एकच गिऱ्हाईक उरते : सरकार. हे गिऱ्हाईक दर स्वतः ठरवते, मंजुरी स्वतः देते, क्लेम (रुग्णालयाने मागितलेले बिल) कापते, तपासणी करते, दंड लावते, योजनेत घेतलेल्या म्हणजे अंगीकृत रुग्णालयांच्या यादीतून नाव काढते. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली रुग्णालयाचा परवानाही त्याच्याच यंत्रणेच्या हातात असतो. तक्रार करायची तर पुन्हा सरकारी समितीकडेच. कोर्टात फिर्यादीनेच निकाल द्यावा, असा हा कारभार आहे.

हे सगळे पेशंटच्या खाटेपर्यंत कसे पोचते ते सांगतो. पेशंट दाखल झाला की आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, कार्ड तपासतो, कागद स्कॅन होतात, प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची मागणी पाठवली जाते. तातडीच्या केसला फोनवर मंजुरीची सोय आहे, हे मान्य. पण बाकीच्यांच्या बाबतीत पेशंट उपाशीपोटी ऑपरेशनची वाट बघत असतो आणि पोर्टलवर क्वेरी आलेली असते : रिपोर्ट अस्पष्ट, पुन्हा चढवा. ती क्वेरी काढणाऱ्याने पेशंटला पाहिलेले नसते. ऑपरेशन झाल्यावर क्लेमसाठी पुरावा लागतो, म्हणून टाक्यांचा फोटो. पोटाचे ऑपरेशन झालेल्या बाईने गाऊन वर करायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो फाइलला जोडायचा. खोटे क्लेम रोखायला हे लागते, असे सांगतात. लबाडी करणारे आमच्यातही आहेत, त्यांना जरूर पकडा. पण त्यासाठी दर वेळी पेशंटने अंग उघडे करून दाखवावे, ही अपेक्षा कुठल्या हक्काने केली जाते? सरकार आणि माणसाचे शरीर यांच्यामधले अंतर इतके कमी होऊ नये.

आणि निवड? शंभरावर उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. कार्ड हातात असूनही त्या आजारासाठी बाईने गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जायचे नाही, जिल्ह्याच्या रांगेत उभे राहायचे. ही सक्तीच आहे.

त्या रांगेच्या टोकाला काय आहे, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. २०२३ मध्ये सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागता लागता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ जण दगावले, त्यांत निम्मी अर्भके होती. (नांदेडचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येते, हे मला ठाऊक आहे. पण मरणाऱ्याला खाते कुठले हे कळत नाही.) त्यानंतर खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले आणि त्याचे चित्रीकरण झाले. औषधे वेळेत खरेदी होतात का, जागा भरल्या जातात का, हे प्रश्न तिथेच राहिले. स्वतःच्या वॉर्डाची जबाबदारी पेलत नसताना दुसऱ्यांच्या वॉर्डावर हुकमत कशासाठी?

अधिकार एकदा हाती आला की तो कुठवर जातो, हे मे २०२० मध्ये दिसले. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर शासनाने ठरवले : साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. साथीत कोविड रुग्णाची लूट थांबवायला हवी होती, हे मीही म्हणेन. पण तेच दर कोविड नसलेल्या रुग्णांनाही लावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार शासनाला नाही. न्यायालयात कुणी गेले नसते तर तो हुकूम तसाच चालला असता.

हुकमामागे जो साथरोग कायदा होता तो १८९७ चा. पुण्याला तो वेगळा सांगायला नको. प्लेगच्या नावाखाली रँडसाहेबाच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळले गेले. हेतू रोग आवरण्याचाच होता. त्या कायद्याचे चौथे कलम म्हणते की या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. इंग्रज गेले, कलम राहिले.

त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरला सासाणे मळ्यात दवाखाना चालवला. त्यामागे ना हुकूम होता, ना सोजीर. मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन येताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपल्या योजनेला याच घराचे नाव आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि सरकारने ती नंतर आशा सेविकांसाठी उचलली. नवे काम आधी बाहेर उभे राहिले, सरकार मागून आले. उद्या परवाना, पैसा आणि पेशंट तिन्ही एकाच हातात गेले, तर जामखेडसारखे काही उभे करायला कोण धजावेल?

आपल्याकडे मागणे आहे ते असे. योजना गरजूंपुरती ठेवा आणि मदत पेशंटच्या नावे द्या. ती कुठे वापरायची, वर फरक भरून दुसरीकडे जायचे का, हे त्याला ठरवू द्या. राखीव उपचारांची यादी रद्द करा. दर ठरवणारे आणि तक्रार ऐकणारे वेगळे असू द्या, त्यात न्यायिक सदस्य असू द्या. बिले महिनोन्महिने अडकतात, ही अंगीकृत रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खात्यावर व्याज बसू द्या. पेशंटच्या अंगाचे फोटो मागणे बंद करून तपासणीला माणूस पाठवा. आणि राज्याचा स्वतःचा साथरोग कायदा विधिमंडळात आणा, ज्यात खासगी खाटा ताब्यात घ्यायला ठरावीक मुदत असेल, सभागृहाची मंजुरी लागेल आणि नुकसानभरपाई द्यावी लागेल. येत्या अधिवेशनात हे विधेयक आले तर मसुद्यावर काम करायला माझ्यासारखे कितीतरी जण स्वखर्चाने मुंबईला येतील.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक सर्जन