गाभण मेंढरं खाली उतरवायच्या आधी

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

लोकरीची पुडी मिळाली. आप्पा, वाण बिघडलं का, असं तुम्ही विचारलंत. सूत काढताना तुटतं म्हणून घोंगडी विणणारा सनगर लोकर घेईना, हे वाचून वाईट वाटलं. पण वाण बिघडलेलं नाही. काळी मेंढरं विकून माडग्याळ जातीची घ्यायचं एवढ्यात ठरवू नका.

पुडीतली एक बट दोन्ही टोकांना चिमटीत धरून ताणली आणि मध्ये टिचकी मारली. तटकन तुटली. आणखी दोन बटा घेतल्या, त्याही तिथंच तुटल्या. त्या जागी केस हाताला बारीक लागतो, खाली बुडाकडं परत जाड होतो. लोकर मुळाकडून वाढते. भादव्यात कातरलेल्या लोकरीचा शेंडा फाल्गुनात वाढलेला, बूड श्रावणातलं. तुटते ती जागा वैशाख-जेठातली, माळावर वाळल्या काड्यांशिवाय काही नव्हतं तेव्हाची. लोकर म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, त्यातही गंधक असलेलं. वाळल्या गवतात प्रथिन फार कमी असतं. पोट भरलेलं दिसलं तरी लोकरीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. मग पाऊस पडला, कोवळं गवत आलं, केस एकदम जाड झाला. मधली बारीक जागा तशीच राहिली.

इथं अविकानगरला, मेंढ्यांच्या संशोधन संस्थेत, चरणीची नोंद ठेवायचं काम माझ्याकडं आहे. राजस्थानात उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, पण इथले मेंढपाळ खेजडीचा पाला वाळवून ठेवतात, त्याला लूंग म्हणतात. खेजडी म्हणजे आपली शमी. अडचणीच्या महिन्यात तोच पाला कळपाला आधार देतो. आई, तू पूर्वी बाभळीच्या शेंगा वेचून पोत्यात भरायचीस, ते याच कामाचं होतं. ते बंद करू नका.

आता मुद्द्याचं. कोकरू पोटात असताना शेवटच्या दीड महिन्यात त्याच्या कातडीत लोकरीची बारीक मुळं तयार होतात. तेव्हा आई उपाशी राहिली तर मुळं कमी पडतात, आणि कमी पडली ती जन्मभर कमीच. पुढं कितीही चांगलं रान मिळालं तरी भरून येत नाहीत. आपली मेंढरं पावसाच्या तोंडाला फळतात, म्हणजे हा दीड महिना नेमका दिवाळीच्या आगंमागं, मेंढरांचा वाडा कृष्णाकाठाला उतरतो तेव्हाच येतो. रोजची चाल, वाटेत ओरबाडून मिळेल तेवढंच खाणं, आणि पोटात कोकरू. कोकरांचं जावळ विरळ का येतंय, ते मला इथं दिसतं.

म्हणून यंदा जड गाभण मेंढरं वेगळी काढा. त्यांना कोकरं होईपर्यंत गावाजवळच ठेवा, सांजंला मूठभर शेंगदाणा पेंड आणि बाभळीच्या शेंगा घाला. बाकीचा वाडा भाऊ आणि त्याची पोरं घेऊन जातील. आप्पा, तुम्हीही गाभणींबरोबर थांबा. गुडघ्यांचं मी मागच्या खेपेलाच बोलले होते, आता हे दुसरं कारणही झालं. पैसे लागतील ते मी पाठवते.

दोन गोष्टी जपा. ओढ्याकाठची सुबाभूळ मेंढरं आवडीनं खातात, पण नुसत्या तिच्यावर सोडू नका. तिच्यात एक द्रव्य असतं, ते जास्त झालं की लोकर पुंजक्यांनी गळते. एकूण वैरणीत तिसरा हिस्साही नको, त्याच्या आतच ठेवा. आणि शेजारच्या गोठ्यातलं गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढरांना घालू नका. त्यात तांबं जास्त असतं, मेंढराला ते विषासारखं बाधतं. तांबं कमी पडलं तरी काळी लोकर पट्ट्यापट्ट्यानं पांढरट पडते. तसं दिसलं तर आधी मला कळवा.

लोकरीला आता मोल नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. कातरणीची मजुरीही निघत नाही. तरी मी लोकरीकडं बघते, कारण चाऱ्यावाचून जी मेंढी लोकरीत कमी पडली ती दुधातही कमी पडू शकते, आणि तिच्या कोकरांना थंडीत तग धरणं अवघड जातं. मांसाच्या भावाचा विचार केला तरी गाभणीला चारायलाच हवं.

आई, कुसळाच्या माळावर कोकरं नेऊ नका म्हणावं, कुसळ कातडीत रुततं. आणि तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन माघापर्यंत लांबवू नकोस. मी पौषात रजा टाकते आहे, तेव्हाच साताऱ्याला जाऊ. गाभण किती आहेत ते मोजून फोनवर सांगा, म्हणजे पेंडीचा हिशोब करता येईल.

तुमची लेक