आईचं ते लांबलचक पत्र

प्रिय सुमन,

तीन महिने काहीच लिहिलं नाही, रागावली असशील. नाझींच्या छळातून वाचवण्यासाठी आईवडिलांविना जर्मनीहून इंग्लंडला पाठवलेल्या ज्यू मुलांवरच्या कादंबरीचं तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नवव्या प्रकरणापाशी अडले. नंदाला दाखवून उपयोग नाही, ती 'छान आहे' म्हणून मोकळी होईल. माझा गुडघा तसाच आहे.

डोव्हरकोर्टचं, म्हणजे इंग्लंडमध्ये मुलांना आधी ठेवलं त्या छावणीचं, प्रकरण फार जमलंय. उन्हाळी सुटीसाठी बांधलेल्या त्या खोल्यांतला गारठा, रविवारी मुलं निवडायला येणारी कुटुंबं, आणि धाकट्या भावाला, माक्सला, सोडायचं नाही म्हणून मागे राहिलेली तुझी नायिका लोटे. फक्त तिच्या पेटीतला चांदीचा दिवा काढ. मौल्यवान वस्तू न्यायला बंदी होती. मुलांना स्वतः उचलता येईल एवढी एक पेटी आणि दहा मार्क, बस्स. दिवा हवाच असेल तर तो सरहद्दीवरच्या झडतीत जाऊ दे.

आता नववं. १९४२ साली बर्लिनहून आईचं चार पानी पत्र येतं, त्यात छळाची सगळी हकिगत. अगं, युद्ध पेटलं तेव्हाच जर्मनी आणि इंग्लंडमधलं थेट टपाल बंद झालं. सुरुवातीला तटस्थ देशातल्या एखाद्या नातेवाइकामार्फत काही पत्रं जात. पुढे बहुतेकांना उरला तो रेडक्रॉसचा फॉर्म. जास्तीत जास्त पंचवीस शब्द, तेही फक्त घरगुती खुशालीचे. दोन्हीकडची सेन्सॉरशिप पार करत जिनिव्हामार्गे जायला महिने लागत, आणि उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर लिहायचं. म्हणजे लोटेच्या हातात पडतं ते शिळं वर्तमान. ती वाचते तेव्हा आई त्या घरात असेलच असं नाही.

वाचणाऱ्या मुलांना किती सांगायचं, यावरून आपण पूर्वीही भांडलोय. 'वाचकाला कळलं पाहिजे' हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण लोटेला कसं कळेल? तिला पुढचं ठाऊक असलं की ती १९४२ची मुलगी राहत नाही, आपल्या पुस्तकांतून शिकलेली होते. असं काही करून बघ:

'आम्ही बरे आहोत. तुझं पत्र मिळालं. आजी प्रवासाला गेली. पाऊल किती वाढलं? बूट घट्ट झाले तर सांग. माक्सशी भांडू नकोस. रोज केस विंचर. लिही. आई.'

पंचवीस झाले, मोजून बघ. 'प्रवासाला गेली' म्हणजे काय, हे लोटे विचारणारही नाही, तिला बुटांचंच वाईट वाटेल. आणि उत्तर लिहिताना तिला एखादा जर्मन शब्द आठवू नये. तीन वर्षं इंग्रजीतच बोलणाऱ्या मुलांचं तसं होत असे. माक्स तर लहान, त्याला आईचा मजकूर तिनेच इंग्रजीत सांगायचा. चार पानांनी जे होत नाही ते इथे होईल.

शेवटी आई स्टेशनवर भेटते, तेही मला पटत नाही. त्या जवळजवळ दहा हजार मुलांपैकी बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. त्यावर वेगळं लिहीन.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? मिनूच्या निकालाचं कळव. आणि नववं बदललंस की पूर्ण व्हायची वाट न बघता पाठव.

तुझी,
वसू