बाबा, वंशाचं म्हणाल तर…

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हे बोलणं जमलं नसतं. तुम्ही स्पीकर लावता, बाबा बोलायला लागले की आई मागून "अहो, राहू द्या ना" म्हणते, आणि विषय पाण्याच्या टाकीवर जातो. म्हणून लिहायला बसले.

मी आणि समीरने मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, हे सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही रागावला नाहीत. "म्हणजे आमचं इथंच संपलं," एवढंच म्हणालात. आई काहीच बोलली नाही. तुमच्या वाक्यापेक्षा तिचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

पण संपलं काय? रक्त म्हणाल, तर ते तुम्ही मला संस्थेतून घरी आणलंत तेव्हाच संपलं होतं. तुमचं नाक, आत्याचे कुरळे केस, आईच्या माहेरचा घारेपणा, यातलं माझ्याकडे काहीही नाही. हे तुम्ही कधी लपवलंत नाही. उलट इतिहासाच्या मास्तरांनी सांगावं तसंच सांगितलंत. 1848 साली सातारचे अप्पासाहेब महाराज वारले, जाण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने तो वारस मानला नाही आणि राज्य खालसा केलं. "दत्तक मूल खरं नाही असं म्हणणारा कोण होता, ते लक्षात ठेव," असं तुम्ही वर म्हणायचात. शाळेत कुणी "ही त्यांची खरी मुलगी नाही" म्हणालं की मी मनातल्या मनात त्याला डलहौसी म्हणायचे. आमच्या वर्गात बरेच डलहौसी होते.

मग तुमची ठरलेली उदाहरणं यायची. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 साली कोल्हापूरला गेला आणि शाहू महाराज झाला. मला ही दोघं माझी नातेवाईक वाटायची. मोठी झाल्यावर कळलं की त्यांचं आणि माझं तसं काही जुळत नाही. ते मुलगे होते, नात्यागोत्यातले होते, आणि त्यांना आणलं होतं गादीसाठी. मुलगी दत्तक घ्यायची सोय हिंदू कायद्यात रीतसर आली ती 1956 साली. (त्या कायद्यातली एक गंमत तुम्हाला सांगायची राहिली. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्माच्या घराशी असलेले सगळे संबंध तुटले असं कायदा म्हणतो. फक्त तिथे राहिली असती तर ज्याच्याशी लग्न करता आलं नसतं, त्याच्याशी आताही करता येणार नाही. आता तो कोण, हे मला कोण सांगणार? समीरला मी लग्नाआधी बारकाईने न्याहाळलं होतं.)

बारावीच्या मुलांना मी दरवर्षी आनुवंशिकता शिकवते. मुलात आईचा अर्धा वाटा, नातवात आजीचा साधारण पाव, पणतवात अष्टमांश. दहाव्या पिढीला सरासरी हजारात एक, आणि त्या पिढीपर्यंत एखाद्या पूर्वजाचा डीएनए अजिबात न पोचणंही शक्य असतं. म्हणजे सख्खा नातू झाला असता तरी बाबा, तुमचं रक्त पातळ होत होत जाणारच होतं.

याच्या उलट बाजूचं एक आहे, ते वर्गात सांगताना मी दरवेळी अडखळते. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथेच मुक्काम करतात. 1996 साली अमेरिकेत डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलगा होऊन 27 वर्षं झालेल्या बाईच्या रक्तातही अशा पेशी सापडल्या. म्हणजे मला जन्म दिलेली बाई जिथे कुठे असेल, तिच्या अंगात मी थोडीशी अजून असेन कदाचित. आईबाप मुलांच्या रूपाने मागे उरतात म्हणतात. इथे मूलच आईत उरलेलं. तिला ते माहीतही नसेल. आणि आई, तुझ्यात माझी एकही पेशी नाही. तरी ताप मला आला की डोकं तुझं दुखतं. याला बारावीच्या पुस्तकात धडा नाही.

नावाचंही बघा. पितृपक्षात तुम्ही वडील, आजोबा, पणजोबा म्हणून थांबता. शास्त्रानेच तीन पिढ्यांच्या पुढे आठवणीची अपेक्षा ठेवलेली नाही, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. त्याआधीच्यांसाठी नाशिकला तीर्थोपाध्यांची नामावळी उघडावी लागते. काकांचं दिवसकार्य झाल्यावर तुम्ही ती बघून आलात, आणि तेव्हापासूनच हे वंशाचं सुरू झालं, हो ना? त्या वहीत आपल्या पाच-सहा पिढ्यांची नावं आहेत. तो माणूस हसायचा कसा, कुणाशी भांडला, त्याला काय आवडायचं, यातलं एक अक्षर नाही. तशा ओळीत माझ्या मुलाचं नाव लागावं म्हणून त्याने जन्माला यावं का?

इथे मला र. धों. कर्व्यांचं नाव घेऊन सुटता आलं असतं. ठरवून मूल होऊ दिलं नाही, 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत मासिक चालवलं, आणि आज आपण त्यांना ओळखतो. पण हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. आपण कर्वे नाही. आपल्यामागे मासिक राहणार नाही, संस्था राहणार नाही. बहुतेक माणसांचं काहीच राहत नाही, मुलं असोत वा नसोत.

तुमचं माझ्यात काय आलंय ते मात्र मला रोज दिसतं. कुलूप लावलं की मी आईसारखं ते दोनदा ओढून बघते, आणि समीर जिन्यात वाट बघत उभा राहतो. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की "परत सांग, मला नीट ऐकू आलं नाही" म्हणते. ही तुमची युक्ती, बाबा; चुकणाऱ्याला लाज न वाटता दुरुस्त करायला वेळ द्यायची. माझी एक विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे. तीही असंच म्हणते, मी कानांनी ऐकलंय. तिला तुमचं नाव माहीत नाही.

आणि एक विचारायचंच राहत होतं. तुम्ही मला वंशासाठी आणलं असतंत, तर मुलगा मागितला असतात. सगळे तेच सांगत होते, आत्या तर भांडली. तुम्ही मुलगी मागितलीत. मग आताच वंश कुठून आला?

मला वाटतं, तो आलेला नाही. काका गेले, आणि ते जाताना त्यांच्याजवळ मुलं होती. तुम्हाला काळजी आहे ती माझी, की पुढे हिला कोण बघणार. आई गप्प बसली तीही त्यामुळेच. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. थोडे पैसे बाजूला टाकतो, चार माणसं जोडून ठेवली आहेत, बाकी तेव्हाचं तेव्हा. पण उद्या माझी औषधं कुणीतरी आणावीत म्हणून आज एखाद्याला जगात आणायचं, हे मला गादीसाठी दत्तक घेण्यापेक्षा फारसं वेगळं वाटत नाही.

दसऱ्याला आम्ही दोघं येतोय. बाबा, तोवर एक काम करा. पणजीबद्दल, त्या विहिरीच्या भांडणाबद्दल तुम्ही सांगता ते सगळं वहीत लिहून काढा. पुढच्या पिढीसाठी वगैरे नको, मला वाचायचंय. आई, कंदी पेढे आणून ठेवू नकोस, समीरची शुगर वाढलीय. मला पाव किलो पुरतील.

तुमची,
लेक