हाताला गुण आहे म्हणजे काय

दाभोळ,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडली नाहीस, पण आवाज बसला होता. आईला कळलं, मलाही कळलं. मला फोनवर मनातलं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. काल समुद्राला नारळ वाहिला, आज पहाटे होड्या गेल्या, बंदर रिकामं आहे.

तू सांगितलंस ते मी रात्री पुन्हा मनाशी मांडून पाहिलं. तुझ्या कारखान्यात एकच मशीन, तीन पाळ्या, तीन माणसं. दोघांचे शंभरातले सात-आठ नग बाद होतात, त्या मावशींचा एखादाच. असं का, म्हणून तू विचारलंस, तर साहेब म्हणाले, त्यांच्या हाताला गुण आहे. तू चार दिवस मावशींच्या शेजारी उभी राहिलीस, वही भरलीस आणि मीटिंगमध्ये मावशींच्या रीतीबद्दल बोलायला उठलीस, तर "हे लाइनवर चालणार नाही, तुम्ही नवीन आहात, आधी काम शिका" असं ऐकवून तुला खाली बसवलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पर्सी स्कॉट आहे. इंग्लंडच्या नौदलातला अधिकारी, शंभर वर्षांपूर्वी वारलेला. त्याचं नाव मी तुझ्यासमोर कधी काढलं नसेन, पण माझी नौदलातली रोजीरोटी त्याच्याच डोक्यातून निघालेल्या गोष्टींवर चालली.

मी पोरगेला असताना म्हैसूर जहाजावर होतो. ती मूळची इंग्रजांची 'नायजेरिया' क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आपण विकत घेतलेली. तिच्या सहा इंची तोफांच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या पोलादी बुरुजात, माझी जागा होती. आत तेलाचा वास, घाम, लोखंड. बाहेरचा समुद्र दिसायचा नाही. समोर एक डायल, तिच्यात दोन काटे. एक काटा वरून, डायरेक्टरमधून म्हणजे उंचावरच्या नेम धरायच्या जागेवरून हलायचा, दुसरा माझ्या हातातल्या चाकावर. त्याच्या काट्यावर माझा काटा बसवून ठेवायचा, क्षणभरही सुटू द्यायचा नाही, एवढंच काम. नेम कशावर आहे हे मला ठाऊक नसायचं. उंचावर बसलेल्या एका माणसाला ठाऊक असायचं आणि त्याच्या एका नेमावर सगळ्या तोफा उडायच्या. कोचीला द्रोणाचार्यात, नौदलाच्या तोफांच्या शाळेत, कोर्सला गेलो तेव्हा आमच्या मास्तरांनी सांगितलं, हे दोन काटे तुमच्यापर्यंत आणायला एका माणसाचं आयुष्य खर्ची पडलंय. त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेलो.

हा 1853 साली लंडनमध्ये जन्मला, 1866 मध्ये म्हणजे तेराव्या वर्षी नौदलात शिरला. 1896 साली 'सिला' नावाच्या क्रूझरचा कॅप्टन होऊन भूमध्य समुद्रात गेला. त्या वेळचं इंग्लंडचं नौदल जगात सगळ्यांत मोठं. जहाजं आरशासारखी लख्ख. पण तोफांचे गोळे निशाणाला लागायचे नाहीत. सरावात तिसरा हिस्सा लागले तरी लोक समाधान मानत.

का लागत नसत ते तुला लगेच कळेल. लहानपणी आपण फेरीबोटीतून धोपाव्याला जायचो, तेव्हा मी तुला म्हणायचो, जेट्टीवरच्या दिव्याकडे बोट रोखून धर. बोट दिव्यावर यायचं, खाली जायचं, परत वर. तोफेचं तेच. अंतर बघून तोफेची नळी एका उंचीला कायम करायची, मग जहाजाच्या हेलकाव्यासोबत ती निशाणावर येईल त्या क्षणाची वाट बघायची आणि घोडा ओढायचा. डोळ्यानं पाहून हातानं ओढेपर्यंत जहाज पुढे कललेलं. गोळा एक तर पाण्यात, नाही तर डोक्यावरून. शे-दोनशे वर्षं सगळे असंच करत होते, म्हणून तेच बरोबर.

1898 च्या सुमारास सिलावर असाच एक सराव चालू होता. एकूण निकाल रडका, पण नेम धरणाऱ्यांपैकी एकाचे गोळे इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त लागत होते. दुसरा कॅप्टन असता तर त्याची पाठ थोपटून पुढे गेला असता. त्याच्या हाताला गुण आहे म्हणाला असता. स्कॉट त्याच्याकडे बघत उभा राहिला. आणि त्याला दिसलं की हा माणूस क्षणाची वाट बघतच नाहीये. त्याचा हात सारखा उंचावणीच्या चाकावर फिरतोय. जहाज खाली गेलं की तो नळी वर घेतो, जहाज वर आलं की खाली घेतो, निशाण दुर्बिणीतून सुटूच देत नाही. आपण काही वेगळं करतोय हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

मनू, माझ्या लेखी सगळी गोष्ट इथे आहे. पुढचं सगळं त्या उभं राहून बघण्यातून आलं.

कारण त्यानंतर त्यानं प्रश्न उलटा केला. हे बाकीच्यांना का जमत नाही? चाक जड होतं, सावकाश फिरायचं, म्हणून त्यानं दात्यांचं प्रमाण बदलून चाक हेलकाव्याच्या वेगानं फिरेल असं केलं. तोफ उडाली की दुर्बीण मागे येऊन डोळ्यावर आदळेल ही भीती असायची, म्हणून दुर्बीण तोफेच्या धक्क्यापासून वेगळी बसवली. मग सरावासाठी एक साधं यंत्र केलं, त्याला डॉटर म्हणत. नेम धरणाऱ्यासमोर एक छोटं निशाण वरखाली सरकायचं, त्यानं घोडा ओढला की कागदावर पेन्सिलीचा ठिपका पडायचा. दारूगोळ्याचा खर्च नाही, समुद्रात जायची गरज नाही. ठिपका कुठे पडला ते ज्याचं त्याला दिसायचं. 1899 च्या स्पर्धेत सिलाच्या 4.7 इंची तोफांनी 70 गोळे सोडले, त्यातले 56 लागले. शंभरात ऐंशी. माणसं तीच होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तो 'टेरिबल'चा कॅप्टन होता. सैन्याकडे लांब पल्ल्याच्या तोफा नव्हत्या, तर यानं जहाजावरच्या तोफांना लाकडी ओंडके आणि चाकं जोडून त्या जमिनीवरून ओढता येतील अशा केल्या. त्यातल्या काही लेडीस्मिथला वेढा पडता पडता पोचल्या. त्यावर एक वेगळं पत्र होईल, सोडतो.

तुला खरं सांगायचंय ते सिम्सचं. विल्यम सिम्स हा अमेरिकेच्या नौदलातला तरुण अधिकारी. चीनच्या किनाऱ्यावर स्कॉटची ओळख झाली, त्याची पद्धत शिकला आणि वॉशिंग्टनला अहवालावर अहवाल पाठवू लागला. उत्तर नाही. शेवटी तिथल्या साहेबांनी पद्धत तपासून पाहिली आणि अशक्य म्हणून शेरा मारला, कारण एवढ्या वेगानं चाक फिरवणं माणसांच्या ताकदीबाहेरचं निघालं. तपासलं कुठे, माहीत आहे? जमिनीवर, पक्क्या बसवलेल्या तोफेवर. समुद्रात जहाज तोफेखाली हलतं आणि नळी आपल्या जडपणानं जागीच राहू बघते, त्यामुळे माणसाला थोडंच करावं लागतं, हे जमिनीवर कळायचं कसं? सिम्सनं 1901 मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र घातलं. पुढच्या वर्षी त्यांनी नौदलाचा नेमबाजीचा सगळा कारभार त्याच्याच हातात दिला.

तुझे साहेब मीटिंगच्या खोलीत बसून म्हणाले ना, हे लाइनवर चालणार नाही? त्यांना लाइनवर ने. पुन्हा मीटिंगमध्ये बोलू नकोस. पाळी बदलताना अर्धा तास मागून घे आणि मावशींच्या शेजारी त्यांना उभं कर.

स्कॉट मला फार मोठा वाटतो, पण त्याची जीभ फार तिखट होती आणि ती त्याला भोवली. 1907 च्या नोव्हेंबरात जर्मनीचा कैसर, म्हणजे बादशहा, आरमार बघायला येणार होता. ॲडमिरल बेरेसफर्ड यांचा हुकूम सुटला की सराव थांबवून जहाजं रंगवा. स्कॉट तेव्हा 'गुड होप'वरून क्रूझरांचा ताफा चालवत होता. त्याच्या एका जहाजानं विचारलं, आमचा तोफांचा सराव अर्धा आहे, पुरा करू का? यानं उघड सिग्नलनं कळवलं की तोफांपेक्षा रंगाला जास्त मागणी दिसते, तेव्हा वेळेवर येऊन नटून घ्या. बेरेसफर्डनं त्याला बोलावून चारचौघांत फैलावर घेतलं आणि सगळ्या ताफ्याला कळवलं. स्कॉटचं म्हणणं खरं होतं. पण 1909 नंतर त्याला पुन्हा समुद्रावर नेमणूक मिळाली नाही. तू मीटिंगनंतर ग्रुपवर साहेबांना उद्देशून काही लिहायला निघाली होतीस म्हणालीस. लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस. त्या एका सिग्नलनं किती नुकसान केलं ते मी पुढे सांगतो.

कारण त्याचं सर्वांत मोठं काम तेव्हा अर्धं होतं, माझे ते दोन काटे. तोफा लांब पल्ल्याच्या झाल्या, धूर वाढला, टरेटमधल्या माणसाला दिसेना. स्कॉट म्हणाला, डोलकाठीवर धुराच्या वर एकच माणूस बसवा, त्याच्या नेमानं साऱ्या तोफा विजेनं उडवा. वर्षानुवर्षं टाळाटाळ झाली. ॲडमिरल जेलिको यांनी पाठीशी उभं राहून 13 नोव्हेंबर 1912 ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ परीक्षा घडवली. 'थंडरर'वर डायरेक्टर, 'ओरायन'वर जुनी रीत. साडेतीन मिनिटांचा मारा. थंडररचे गोळे सहापट लागले. तरीही 1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा फक्त आठ युद्धनौकांवर डायरेक्टर बसला होता. ज्याला हे करायचं होतं तो आधीच बाजूला पडलेला होता. ज्या गुड होपवरून त्यानं तो सिग्नल दिला, ती 1 नोव्हेंबर 1914 ला चिलीच्या किनाऱ्याजवळ जर्मन तोफांनी बुडाली. तिच्यावर बहुतेक राखीव दलातली माणसं होती, सराव थोडा झालेला. एकही जण वाचला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉटनं लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहिलं होतं की पाणबुडीमुळे मोठ्या युद्धनौकांचे दिवस संपले. लोक हसले, म्हातारा चळला म्हणाले. 22 सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीनं एका सकाळी तीन क्रूझर बुडवल्या, चौदाशेवर माणसं गेली. युद्धनौका अगदीच संपल्या नाहीत, तिथे तो जास्त बोलला असं माझं मत आहे. पण पाणबुडीचा धोका त्याला दिसला होता.

आणि 1916 मध्ये जटलंडच्या लढाईत 'डिफेन्स' जहाज स्फोट होऊन सगळ्या माणसांसकट गेलं. स्कॉटचा थोरला मुलगा त्यावर मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तू तेव्हा नववीत होतीस, आत अभ्यास करत होतीस. मी उगाच दाराशी येऊन उभा राहिलो होतो.

आता माझं एक. आजवर आईलाही सांगितलेलं नाही. मी चीफ झाल्यावर एका जहाजावर माझ्या हाताखाली एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. गोळे पुढे देताना दोघांनी जागा बदलल्या तर एक वळसा वाचेल, असं तो मला म्हणाला. सरावाची घाई होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, आधी मिशी फुटू दे. तो हसला नाही, रडला नाही, पण त्यानंतर कधी काही सुचवलंही नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या जहाजावर मी तीच रचना पाहिली, तो म्हणाला होता तशीच. वळसा खरंच वाचत होता. तोवर त्याची बदली झाली होती. परवा तू फोनवर "नवीन आहात" हे शब्द उच्चारलेस तेव्हा मला तुझे साहेब दिसले नाहीत, मी दिसलो. म्हणून सांगतो, त्या माणसाला वाईट समजू नकोस. त्याला बहुधा महिनाअखेरची घाई असेल.

एक मात्र लक्षात ठेव. मी जेवढं वाचलं त्यात स्कॉटचं नाव पानोपानी येतं, त्या नेम धरणाऱ्याचं येत नाही. तू अहवाल लिहिशील तेव्हा मावशींचं नाव पहिल्या पानावर घाल. आणि लिहायच्या आधी त्यांना वाचून दाखव, त्या काय म्हणतात ते ऐक. तू चार दिवस पाहिलंस ते त्यांनी पंधरा वर्षं केलंय.

गणपतीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. मावशी नग बसवताना मनगट कसं फिरवतात ते तू फोनवर सांगत होतीस, मला नीट समजलं नाही. ओटीवर बसून करून दाखव. आई मोदकाच्या सारणासाठी नारळ सोलून ठेवते आहे.

तुझा,
बाबा